काळ्या मातीतला बॅरिस्टर

वऱ्हाडात शेतकऱ्याचे घर आणि पंजाबराव देशमुखांचे नाव यांची गाठ कुठे ना कुठे पडतेच. कुणी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेला असतो, कुणी पेरणीआधी बियाण्यासाठी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची वाट धरतो. एक नाव दोन्ही पाट्यांमागे उभे आहे. पण पाटीवरचे नाव रोज नजरेखालून गेले, की त्यामागचा माणूस हळूहळू दिसेनासा होतो. भाऊसाहेबांच्या बाबतीत तसे होऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.

पंजाबरावांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. वडील शामराव, आई राधाबाई. मूळ आडनाव कदम. देशमुखी वतनामुळे देशमुख झाले. घर शेतकऱ्याचे. वऱ्हाडचा कापूस तेव्हा रेल्वेने मुंबईला आणि तिथून आगबोटीने थेट विलायतेला जात होता. तो पिकविणाऱ्याच्या घरात मात्र साहूकाराचे खाते फुगत होते आणि मुलगा चार यत्ता शिकला तरी पुष्कळ, अशी स्थिती होती. अशा घरातला हा मुलगा अमरावतीच्या हिंदू हायस्कुलातून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेला आणि १९२० साली विलायतेला निघाला. एडिंबरा आणि ऑक्सफर्डला शिकला, बॅरिस्टर झाला. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास या विषयावर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळविली. कुणब्याच्या पोराने वेदांवर अधिकाराने लिहावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

१९२६ साली ते परतले. मुंबई-नागपुरात वकिली थाटून सुखाने राहणे अवघड नव्हते. त्यांनी अमरावती निवडली. १९२७ साली मुंबईच्या विमलाबाईंशी विवाह केला तोही जातीची चौकट मोडून. त्याच वर्षी अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. नोव्हेंबरात डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद भरली. भाऊसाहेब या लढ्यात उघडपणे उतरले. याच सुमारास त्यांनी सुरू केलेल्या श्रद्धानंद छात्रालयात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवू लागली.

१९२८ साली ते जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. मात्र त्यांची खरी कसोटी लागली ती शाळांच्या प्रश्नावर. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करायचे तर पैसा हवा, आणि पैसा आणायचा तर कर वाढवायला हवा. कर कुणावर? ज्यांच्या मतांवर निवडून आलो त्यांच्यावरच. पुढारी सहसा इथे थबकतो. भाऊसाहेबांनी कर वाढवला. आज खिशातून गेलेला आणा उद्या मुलाला साहूकाराचा कागद वाचता येईल इतका शहाणा करील, हा त्यांचा हिशेब होता.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारात मंत्री झाले. शिक्षण आणि शेती ही खाती त्यांच्याकडे होती. देवस्थानांची संपत्ती समाजाच्या कामी यावी म्हणून त्यांनी १९३२ साली विधेयक मांडले; ते तडीस गेले नाही. १९३३ च्या कर्ज लवाद कायद्यामागे मात्र त्यांचे श्रम उभे राहिले. सावकार आणि कुळ यांना लवाद मंडळापुढे समोरासमोर बसवायचे, फुगलेल्या कर्जाची तडजोड करायची आणि फेडीचे हप्ते बांधून द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. पुढे मंत्रिपद गेले, पण तोवर शिवाजी शिक्षण संस्थेचे रोप लागले होते. त्या रोपाचा वटवृक्ष झाला. विदर्भातल्या गावोगावी तिच्या शाळा-महाविद्यालयांच्या पारंब्या रुजल्या.

भाऊसाहेब घटना समितीत बसले. १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तीनही निवडणुकांत अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठविले. १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते केंद्रात मंत्री होते आणि शेतीचे काम पाहत होते. वरचे अन्नमंत्री बदलत गेले. रफी अहमद किडवाई गेले, अजितप्रसाद जैन आले, मग स. का. पाटील आले. भाऊसाहेबांचे लक्ष मात्र शेतावरून ढळले नाही. जपानी पद्धतीच्या भातशेतीचा त्यांनी देशभर प्रचार केला. १९५५ साली भारत कृषक समाजाची स्थापना करून त्यांनी शेतकऱ्यांना एका छत्राखाली आणण्याचा प्रयत्न केला. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, तेव्हा उद्घाटनाला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर आले होते. पापळच्या शेतकऱ्याच्या मुलाने जगाची शेती दिल्लीच्या मैदानात आणून उभी केली होती.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवे, ही मागणी त्यांच्यामागे अधिकच पेटली. १९६७ साली अकोल्यात आंदोलन झाले, गोळीबारात तरुणांचे प्राण गेले. अखेर २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले.

भाऊसाहेबांच्या मते शेतकऱ्याच्या गळ्याला तीन फास होते: कर्ज, अज्ञान आणि फुटीरपणा. अज्ञानाचा फास त्यांनी बराच सैल केला. त्यांच्या शाळांतून शेतकऱ्यांची मुले डॉक्टर झाली, इंजिनियर झाली, साहेब झाली. पण शिकलेला मुलगा शहरात गेला तो बहुधा शेताकडे परतलाच नाही. कर्जाचा फास तर आजही तसाच आहे. याच वऱ्हाडातून गेली कित्येक वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत आहेत. शाळा शेतकऱ्याच्या मुलाला शेतातून बाहेर काढणारी वाट झाली. विद्या घेऊन शेतात परत येण्याची वाट अजून पुरती बांधून झालेली नाही.

म्हणून २७ डिसेंबरला पुतळ्याला हार घालताना एक आठवण ठेवावी. आपल्याच माणसांवर कर बसवून, त्यांचा रोष पत्करून, भाऊसाहेबांनी त्यांच्याच लेकरांसाठी शाळा उघडल्या. ज्यांची आजी-आजोबा त्या शाळांत शिकली, अशी घरे आज अमरावती-अकोल्यात हजारोंनी आहेत. उरलेली अर्धी वाट बांधण्याचे काम त्या घरांचेच आहे.