आजोबांच्या पाइपवरचा पांढरा ठिपका काय सांगतो? जाणून घ्या आल्फ्रेड डनहिल यांची कहाणी

मिरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधल्या एखाद्या घरात दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर आजोबांचा तंबाखूचा पाइप सापडला, तर दोन प्रश्न हमखास पडतात. हा बनवला कोणी? आणि किती जुना? तोंडात धरायच्या नळीच्या वरच्या बाजूला छोटा पांढरा ठिपका असेल, तर शोध लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांच्यापाशी पोहोचू शकतो.

डनहिल यांचा जन्म १८७२चा. वडिलांचा धंदा खोगिरांचा आणि घोड्यांच्या चामडी साजाचा. १८९३मध्ये तो आल्फ्रेड यांच्या हाती आला, तेव्हा ते जेमतेम एकविशीत होते. रस्त्यावर मोटारी दिसू लागल्या आणि घोड्यांचे दिवस सरणार, हे त्यांनी वेळीच ओळखले. मग दुकानात मोटारींचे भोंगे, दिवे, गॉगल, चामडी कोट आले. तेव्हाच्या मोटारींना छप्पर नसे, वाऱ्यात पाइप विझे. त्यावर उपाय म्हणून १९०४मध्ये त्यांनी वाऱ्याला आडोसा असलेला पाइप काढला. तंबाखूच्या व्यवसायात ते शिरले ते असे, मोटारीतून.

१९०७मध्ये ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान निघाले. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आवडीचे मिश्रण करून द्यायचे आणि वहीत नोंदवायचे, ही तिथली खासियत. १९१०पासून ते स्वतः पाइप घडवू लागले. सरळ पाइपची नळी वर-खाली सारखीच दिसे, उलटी बसू नये म्हणून वरच्या बाजूला खूण केली, असे ठिपक्याचे कारण सांगितले जाते. पुढे तीच ओळख झाली.

पण एकट्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नये. तो कोणालाही बसवता येतो. खरी माहिती दांडीवरच्या ठशांत असते. १९२१पासून ठशाच्या शेवटी छोटा आकडा येऊ लागला. १९४०पर्यंतचा हिशेब सोपा आहे: तो आकडा १९२०मध्ये मिळवायचा. ५ म्हणजे १९२५, १४ म्हणजे १९३४. १९४१मध्ये मोजणी पुन्हा १पासून सुरू झाली आणि इथेच गडबड होते. अशा वेळी पेटंटचा क्रमांक कामी येतो. ४१७५७४/३४ या क्रमांकापुढे ५ असेल, तर पाइप १९२५चा असूच शकत नाही, कारण ते पेटंटच १९३४चे. तो १९४५चा.

उलट चूकही सर्रास होते. ५८६१/१२ पाहून पाइप १९१२चा ठरवला जातो. प्रत्यक्षात ते आतली नळी स्वच्छ ठेवणाऱ्या अॅल्युमिनियमच्या नळीच्या पेटंटचे साल आहे आणि तो क्रमांक पुढे कित्येक वर्षे छापला गेला. पृष्ठभाग खडबडीत असेल, तर १९१७च्या ‘शेल’ पेटंटनंतरचा पाइप समजावा. चांदीची कडी असेल, तर तिच्यावरच्या हॉलमार्कमधले अक्षरही साल सांगते.

डनहिल यांना स्वतःलाही जुन्या पाइपचा नाद होता. देशोदेशीचे पाइप त्यांनी जमवले आणि १९२४मध्ये त्यांवर ‘द पाइप बुक’ लिहिले. तोवर न्यूयॉर्क आणि पॅरिसमध्ये त्यांची दुकाने उघडली होती. त्याच दशकाच्या अखेरीस त्यांनी धंदा घरच्यांवर सोपवला. १९५९मध्ये त्यांचे निधन झाले.

माळ्यावरचा पाइप लगेच घासून चकचकीत करू नका. आधी दांडीचा तिरप्या उजेडात मोबाइलवर जवळून फोटो काढा. घासताना सगळ्यात आधी झिजतो तो शेवटचा छोटा आकडा.