विश्लेषण : ‘रसेल्स व्हायपर’मधले रसेल कोण? एकच साप प्रदेशागणिक वेगळा का दिसतो?

भाताची लावणी सुरू झाली की मोखाडा, जव्हारच्या पाड्यांवर सर्पदंशाची धास्ती वाढते. रुग्णाला दवाखान्यात सलाइनमधून जे प्रतिविष देतात, ते देशभर सारखेच असते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर ते चालते. यातले घोणस आणि फुरसे हे दोघे व्हायपर कुळातले. या दोघांची शास्त्रीय ओळख सव्वादोनशे वर्षांपूर्वी एकाच माणसाच्या चित्रांवरून झाली. ते म्हणजे स्कॉटिश डॉक्टर पॅट्रिक रसेल.

पॅट्रिक रसेल भारतात कसे आले?

रसेल एडिंबरोचे. वैद्यकीचे शिक्षण संपवून ते १७५०मध्ये सावत्रभावाच्या पाठोपाठ सीरियातल्या अलेप्पो शहरी गेले आणि तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या वसाहतीचे डॉक्टर झाले. १७६०च्या सुमारास शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा त्यांनी घराच्या वरच्या खिडकीतून रुग्णांना तपासून औषधे सांगितली. त्या अनुभवावर पुढे मोठा ग्रंथही लिहिला.

सापांशी संबंध आला तो फार उशिरा. धाकटा भाऊ क्लॉड ईस्ट इंडिया कंपनीत होता. त्याची विशाखापट्टणमला नेमणूक झाली, म्हणून त्याच्यासोबत १७८१मध्ये रसेल भारतात आले. तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १७८५मध्ये कंपनीने त्यांना कर्नाटक प्रांतासाठी निसर्ग अभ्यासक नेमले. कर्नाटक म्हणजे आजचे राज्य नव्हे, तर मद्रासभोवतीचा पूर्व किनाऱ्याचा भाग.

सापांकडे ते का वळले?

कारण सरळ होते. माणसे मरत होती आणि कोणता साप विषारी, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. आजही आपल्याकडे बिनविषारी डुरक्या घोणस आणि खरी घोणस यांत गल्लत होतेच. रसेल यांनी गावकऱ्यांकडून साप मिळवले, त्यांचे दात तपासले, खवले मोजले आणि कुत्र्यांना, कोंबड्यांना दंश करवून परिणाम टिपले. आज हे वाचताना अंगावर काटा येतो, पण त्या काळी दुसरी वाट नव्हती. तंजावरची म्हणून गाजलेली, सोमल घातलेली सर्पदंशावरची गोळीही त्यांनी तपासली.

१७९६मध्ये त्यांचा कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा रंगीत चित्रांचा ग्रंथ कंपनीने प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लॅटिन नावांऐवजी लोकांच्या तोंडची नावे दिली. घोणस तिथे ‘कटुका रेकुला पोडा’ या तेलुगू नावाने येते आणि विषाच्या बाबतीत नागाच्या खालोखाल तिला स्थान मिळते. आर्णी येथून आलेले फुरसे ‘होरट्टा पाम’ म्हणून येते. पुढच्याच वर्षी जॉर्ज शॉ यांनी घोणसच्या शास्त्रीय नावात रसेल यांचे नाव गुंफले. १८०१मध्ये श्नायडर या जर्मन अभ्यासकाने फुरशाला शास्त्रीय नाव दिले. अविवाहित रसेल १८०५मध्ये वारले. ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचे शेवटचे भाग त्यांच्या मृत्यूनंतर निघाले.

म्हणजे दोन्ही सापांचे मूळ वर्णन पूर्व किनाऱ्याकडच्या नमुन्यांवर बेतलेले आहे. सह्याद्रीत रसेल कधी फिरले नाहीत.

मग उपजाती कुठून आल्या?

नंतरच्या अभ्यासकांना दूरदूरच्या देशांतून घोणस मिळत गेली आणि प्रत्येक ठिकाणची थोडी निराळी निघाली. आपल्याकडच्या घोणसच्या पिवळसर तपकिरी अंगावर काळ्या कडेच्या मोठ्या ठिपक्यांच्या तीन माळा असतात. म्यानमार, थायलंडकडची जास्त करडी असते आणि मोठ्या ठिपक्यांच्या मधे बारके ठिपके दिसतात. रंग, ठिपके आणि ठिकाण यांवरून श्रीलंका, थायलंड, तैवान, इंडोनेशिया अशा वेगळ्या उपजाती ठरवल्या गेल्या. नकाशाही चमत्कारिक आहे. थायलंडमध्ये ती आहे, जावा, फ्लोरेस बेटांवर आहे, पण मधल्या मलाया द्वीपकल्पात नाही. २००७मध्ये डीएनए आणि शरीररचना दोन्ही तपासून संशोधकांनी पूर्वेकडची घोणस ही स्वतंत्र प्रजातीच मानली. ‘रसेल’ हे नाव भारतीय उपखंडातल्या घोणसकडे राहिले.

फुरशाचे काय?

कोकणाला फुरसे नवे नाही. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२मध्ये बक्षीस लावल्यावर काही दिवसांत लाखाहून अधिक फुरशी मारली गेल्याची नोंद आहे. आपले फुरसे जेमतेम हात-दीड हाताचे, खडकाळ माळावर दगडाखाली बसणारे. राजस्थानपासून पाकिस्तान, इराणपर्यंतचे ‘सोचुरेकी’ उपजातीचे फुरसे त्याहून बरेच मोठे होते. श्रीलंकेची आणि मकरान किनाऱ्याजवळच्या अस्तोला बेटाची उपजातही वेगळी मानतात. यातल्या किती उपजाती टिकतील, यावर मतभेद आहेत.

याचा रुग्णाशी संबंध काय?

अंगावरच्या नक्षीपेक्षा विषातला फरक महत्त्वाचा. घोणसच्या विषाने सगळीकडेच रक्त गोठेनासे होते. पण श्रीलंकेत त्याबरोबर पापण्या जड होऊन मिटतात, तर म्यानमारमध्ये मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीत रक्तस्राव झाल्याची उदाहरणे आहेत. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूत इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. दक्षिणेतल्या सापांच्या विषावर बनलेले हे औषध पश्चिम राजस्थानातल्या फुरशाच्या दंशावर कमी पडते, असे तिथल्या डॉक्टरांना आढळले आहे. म्हणून प्रदेशनिहाय प्रतिविषाची मागणी होते. बेंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यावर काम सुरू आहे. सह्याद्रीतल्या हिरव्या चापड्यासाठी तर या चार सापांच्या औषधात काहीच नाही.

तोवर मोखाड्यात काय करायचे?

साप ओळखण्यासाठी तो मारून आणण्यात किंवा भगताकडे थांबण्यात वेळ घालवू नये. दंश झालेला हात किंवा पाय न हलवता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे. घोणस किंवा फुरशाचा संशय असेल तर डॉक्टर एक साधी चाचणी करतात. काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन २० मिनिटे नळीला हातही लावायचा नाही. नंतर ती तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखे वाहिले, तर प्रतिविष लगेच सुरू करतात. या चाचणीला ना वीज लागते, ना मोठी प्रयोगशाळा.