विजेचा माग काढणारे वॉटसन-वॅट

गेल्या वर्षी मृगात आमची तांबडी गाय वीज पडून मेली. लिंबाखाली बांधली होती. तेव्हापासून आभाळ गडगडले की मी शेतातून घराकडे पळत सुटतो. म्हणून गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोरांचे चरित्र लिहायला सांगितले, तेव्हा मी विजेचा माग काढणारा माणूस निवडला. आज्जाला ते पटले नाही. आपल्यावर राज्य केलेल्या साहेबाचे चरित्र कशाला, असे त्याचे म्हणणे. पण हे साहेब स्कॉटलंडचे, आणि एका सुताराचे पोरगे होते.

रॉबर्ट वॉटसन-वॅट यांचा जन्म १३ एप्रिल १८९२ रोजी ब्रेखिन या गावी झाला. डंडी येथे शिकून ते इंजिनियर झाले. पहिल्या महायुद्धात ते सरकारच्या हवामान खात्यात लागले. तेव्हाची विमाने लाकडाची आणि कापडाची. वादळात सापडले तर विमान गेलेच म्हणायचे. वीज चमकली की रेडिओ खरखरतो, हे तुम्ही ऐकलेच असेल. त्या खरखरीवरून वादळ कोणत्या दिशेला आहे, हे ओळखायची युक्ती त्यांनी काढली.

पुढे जर्मनीत हिटलर आला. त्याची बॉम्बची विमाने आली तर ती आधी कळणार कशी, याची इंग्लंडच्या सरकारला काळजी पडली. लांबून माणसे मारणारे किरण असतात, असेही लोक बोलत. अशा किरणांनी शंभर यार्डांवरची मेंढी मारून दाखवा आणि १००० पौंड घेऊन जा, असे सरकारने कबूल केले होते. कुणालाच जमले नाही. मेंढ्या सुखरूप राहिल्या!

१९३५ साली हाच प्रश्न वॉटसन-वॅट यांच्याकडे आला. त्यांच्या हाताखाली अर्नोल्ड विल्किन्स नावाचे हुशार गृहस्थ होते. त्यांनी हिशेब करून सांगितले, की रेडिओच्या लहरींनी माणूस मरणार नाही. पण विमान जवळून गेले की पोस्टखात्याच्या रेडिओत गडबड होते, हे त्यांना ठाऊक होते. म्हंजे लहरी विमानावर आपटून परत येतात. विहिरीत तोंड घालून आपण ओरडतो आणि आवाज परत येतो ना, तसेच.

पण पैसे कोण देणार? विमानदलाच्या संशोधनाचे प्रमुख डाउडिंग साहेब होते. त्यांनी आधी प्रयोग दाखवा, मग पैसे, अशी अट घातली. मला ही अट बरोबर वाटते, कारण पैसे लोकांच्या कराचे होते. २६ फेब्रुवारी १९३५ रोजी डॅव्हेंट्रीजवळच्या एका शेतात गाडी उभी केली. बीबीसीच्या रेडिओ केंद्राच्या लहरी तिथे येत होत्या. वरून एक विमान जाऊ दिले. गाडीतल्या यंत्राच्या काचेवर विमानाची खूण उमटली आणि ते आठ मैलांपर्यंत कळत राहिले. आठ मैल म्हंजे आमच्या गावापासून तालुक्याएवढे लांब.

मग सरकारने पहिल्या वर्षासाठी दहा हजार पौंडांहून जास्त रक्कम दिली. तेव्हा एका पौंडाचे तेरा रुपयांवर काही आणे होत. गुरुजींनी फळ्यावर गुणाकार केला, तर सव्वा लाखाच्या वर गेला. वर्ष संपेपर्यंत साठ मैलांवरचे विमान कळू लागले. मग समुद्रकाठाने उंच मनोरे उभे राहिले. वैज्ञानिक, वैमानिक, कारखानदार सगळे एकत्र कामाला लागले. यंत्रापुढे पुष्कळ मुलीही बसत. १९४० साली जर्मन विमाने आली, तेव्हा ती समुद्रावर असतानाच कळत. त्याच वर्षी इंग्लंडने आपले गुपित यंत्र अमेरिकेला दिले, कारण तिथे कारखाने आणि पैसा जास्त होता. ते यंत्र वॉटसन-वॅट यांचे नव्हते, बर्मिंगहॅमच्या दोघांनी बनवले होते. या सगळ्याला पुढे रडार म्हणू लागले.

१९४२ साली ते 'सर' झाले. युद्धानंतर सरकारने रडारवाल्यांना बक्षीस वाटले. त्यात वॉटसन-वॅट यांना पन्नास हजार पौंडांच्या आसपास मिळाले. बाकी सगळ्यांना मिळून त्याहून कमी. हिशेब तर विल्किन्सने केला होता! आमच्या कबड्डीच्या संघाला बक्षिसाची बिस्किटे मिळाली, तेव्हा कॅप्टनने अर्धा पुडा एकट्यानेच ठेवला होता, त्याची मला आठवण झाली.

एकदा कॅनडात त्यांनी मोटार फार जोरात पळवली. पोलिसांनी धरले ते रडारनेच. दंड भरावा लागला. हे ऐकून आज्जासुद्धा हसला. ५ डिसेंबर १९७३ रोजी ते वारले.

आता पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने दामिनी नावाचे ॲप केले आहे. विजेच्या रेडिओ लहरी पकडणारी यंत्रे ठिकठिकाणी बसवली आहेत. वीज जवळ असली की फोनवर कळते. परवा बाबांच्या फोनवर सूचना आली, तेव्हा आम्ही कालवड सोडून गोठ्यात आणली. त्या दिवशी वीज दुसरीकडेच पडली.