बागबाजारच्या बाई

भगिनी निवेदितांचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पायघोळ पांढरा झगा आणि गळ्यात रुद्राक्षांची माळ अशी एक तेजस्वी मूर्ती उभी राहते. स्वामी विवेकानंदांच्या शिष्या, एवढे म्हणून आपण त्यांची बोळवण करतो. मला त्यांचे आकर्षण वाटते ते निराळ्याच कारणाने. पदवी पदरात पडली की प्राथमिक शाळेत शिकवायचे, असे मी ठरवले आहे. हा बेत ऐकून घरी आणि वर्गातही बरीच नाके मुरडली गेली. अशा वेळी सातासमुद्रापलीकडून येऊन कलकत्त्याच्या एका अरुंद गल्लीत लहान मुलींना शिकवीत बसलेली ही शिक्षिका फार जवळची वाटू लागते. म्हणून या लेखात साध्वी कमी आणि शाळेतल्या ‘बाई’ अधिक आहेत. वाचकांनी हा पक्षपात चालवून घ्यावा.

त्यांचे मूळ नाव मार्गारेट एलिझाबेथ नोबल. जन्म ता. २८ ऑक्टोबर १८६७ रोजी आयर्लंडमधील डंगनन या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते; मुलगी दहा वर्षांची असतानाच ते वारले. हॅलिफॅक्सचे शिक्षण आटोपून १८८४ साली, म्हणजे आपण ज्या वयात बारावीला असतो त्या वयात, त्या केसविक येथे शिक्षिका झाल्या. पुढे रग्बीचा अनाथाश्रम, रेक्सहॅमची खाणकामगारांची वस्ती, चेस्टर, असा प्रवास झाला. रेक्सहॅमला ज्या तरुणाशी लग्न ठरत आले होते तो आजारपणात दगावला. त्या दुःखाचा त्यांनी फारसा गवगवा केला नाही. पेस्टालोझी आणि फ्रोबेल यांचे विचार त्यांनी मन लावून अभ्यासले होते. मुलाला खेळू द्यावे, हाताने काहीतरी घडवू द्यावे, त्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून सुरुवात करावी, हे त्यांचे सूत्र. तिशी गाठण्यापूर्वीच विम्बल्डन येथे त्यांची स्वतःची शाळा चालू झाली होती आणि लंडनच्या शिक्षणवर्तुळात त्यांच्या नावाला वजन होते. तेथेच आयुष्य काढले असते तर काही उणे पडले नसते.

१८९५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनला एका घरगुती बैठकीत त्यांनी विवेकानंदांना प्रथम ऐकले. पहिल्या भेटीतच त्या दिपून गेल्या असे समजू नका. पुष्कळ शंका काढल्या, वाद घातला. स्वामीजींना भारतातल्या मुलींच्या शिक्षणासाठी एक जाणती शिक्षिका हवी होती. पण त्यांनी गोड आशा दाखवल्या नाहीत. येथला उकाडा, दारिद्र्य, गोऱ्यांचा तुच्छताभाव आणि काळ्यांचा संशय हे सर्व पत्राने आधीच कळवून टाकले. तरीही ता. २८ जानेवारी १८९८ रोजी मार्गारेट कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरल्या. २५ मार्चला दीक्षा मिळाली व निवेदिता हे नाव पडले.

त्याच वर्षीच्या १३ नोव्हेंबरला, कालीपूजेच्या दिवशी, बागबाजारातील बोसपाडा गल्लीत शारदादेवींच्या हस्ते मुलींची शाळा उघडली. आदल्या दिवशीची सभा मोठी मजेदार झाली म्हणतात. मुली पाठवा, असे आवाहन करूनही जमलेले गृहस्थ गप्प बसलेले. मागे बसलेले विवेकानंद एकेकाला ढोसत होते. शेवटी त्यांनी एका गृहस्थाच्या वतीने परस्पर होकार देऊन टाकला! शाळा कसली, राहत्या जुन्या घरातलाच एक भाग. मुली कधी यायच्या, कधी नाही. जराशी समज आली की लग्न होऊन निघून जायच्या. चित्रे, मातीकाम, शिवण, थोडे वाचन-लेखन हा अभ्यासक्रम. बाईंना बंगाली जेमतेम येई. एकदा त्यांनी रेघेला तुमच्या भाषेत काय म्हणतात असे विचारले, तर साऱ्या मुलींनी एका सुरात ‘लाइन’ असे उत्तर दिले. बाई कष्टी झाल्या. अखेर एका मुलीला ‘रेखा’ हा शब्द आठवला, तेव्हा त्या लहान मुलासारख्या हरखून गेल्या. हा प्रसंग वाचून मी आमच्या वर्गातले एक तासाचे बोलणे कान देऊन ऐकले. निष्कर्ष येथे न लिहिलेलाच बरा.

शाळेला सहा महिने होतात न होतात तोच १८९९ चा प्लेग आला. रामकृष्ण मिशनच्या सेवाकार्याची सूत्रे बाईंकडे आली. त्यांनी स्वतः हातात झाडू घेतला, तेव्हा कोठे आळीतले तरुण ओशाळून बाहेर पडले. डॉ. राधागोविंद कर यांनी सांगून ठेवलेली हकीकत अशी. एका झोपडीतील आई प्लेगने गेली आणि तिच्या मुलालाही प्लेगने गाठले. दुपारी डॉक्टरांनी काळजी घेण्यास बजावले, आणि संध्याकाळी येऊन पाहतात तो निवेदिता त्या ओल्या, कुबट झोपडीत मुलाला मांडीवर घेऊन बसलेल्या. रात्रंदिवस त्या तेथेच राहिल्या. झोपडीच्या भिंतींना चुनाही स्वतःच फासला. मूल वाचले नाही. त्यांनाच आई समजून, त्यांना बिलगून ते गेले.

पैशाअभावी १८९९ मध्येच शाळा बंद ठेवून त्यांना निधीसाठी इंग्लंड-अमेरिकेला जावे लागले. १९०२ मध्ये परतल्या. त्याच वर्षी ४ जुलैला विवेकानंद निवर्तले आणि बाईंनी राजकारणाशी संबंध सोडायचे नाकारून संघाबाहेर राहणे पत्करले. त्या सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात त्या मुंबई, नागपूर, वर्धा, अमरावती अशा व्याख्याने देत हिंडल्या. नंदलाल बोस व असितकुमार हालदार यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी जावे, हा आग्रहही त्यांचाच. जगदीशचंद्र बोस यांच्या ग्रंथलेखनातला त्यांचा वाटा, १९०६ च्या पूर्व बंगालमधील दुष्काळ व पुरात चिखल तुडवीत केलेली पाहणी आणि तीनंतर जडलेला मलेरिया, या सर्वांवर स्वतंत्र लेख होतील.

मी पुन्हा शाळेकडे वळते. १९०३ पासून अमेरिकेहून आलेल्या भगिनी ख्रिस्तीन मदतीस होत्या. आता प्रौढ विवाहिता आणि विधवाही येऊ लागल्या. मुलींनी वज्राचे चिन्ह असलेला राष्ट्रध्वज भरतकामाने तयार केला. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसच्या प्रदर्शनात तो मांडला गेला. एका बालविधवा विद्यार्थिनीला एकादशीचा कडक उपास घडे. बाई त्या दिवशी आठवणीने तिच्यासाठी सरबत व फराळ ठेवीत. एकदा बोस यांच्याकडे जेवायला गेल्या असता एकादशीची आठवण झाली, तशा त्या तडक परतल्या आणि त्या पोरीची क्षमा मागितली.

येथे मला एक गोष्ट खटकते व ती बोलून दाखवतेच. ज्या बाईंना एकादशी दिसत होती, त्यांनीच १९०४ च्या आपल्या पुस्तकात हिंदू कुटुंबाचे चित्र इतके गोड का रंगवावे? आपल्या पंडिता रमाबाईंनी अमेरिकेत जाऊन विधवांचे हाल मांडले, १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले. सावित्रीबाईंनी तर १८४८ पासून पुण्यात शेणमाती झेलली. निवेदितांना बाहेरून येऊन दोष काढणे अशिष्ट वाटले असावे. रवींद्रनाथांनी आपल्या मुलीला इंग्रजी वळणाने शिकवण्यास सांगितले, तेव्हाही परकी गोष्ट मुलावर लादायची नाही म्हणून त्यांनी नकार दिला होता. त्यांची भूमिका समजते; पण रमाबाईंची जळजळ मला अधिक खरी वाटते. मात्र पुस्तकातल्या निवेदितांपेक्षा सरबताचा पेला घेऊन धावणाऱ्या निवेदिता मोठ्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इतकी वर्षे बिनपंख्याच्या, ठेंगण्या छताच्या खोल्यांत काढल्यावर प्रकृती ढासळणारच. १९११ च्या पूजेच्या सुटीत त्या बोस पतिपत्नींसह दार्जिलिंगला गेल्या. तेथे हगवण लागली व ता. १३ ऑक्टोबरला, चव्वेचाळिसावे वर्ष पुरे होण्याआधीच, त्यांनी देह ठेवला. मृत्यूपूर्वी सहा दिवस त्यांनी इच्छापत्र केले होते. जवळचा पैसा आणि पुस्तकांचे उत्पन्न बेलूर मठाच्या विश्वस्तांकडे सोपवले आणि ते भारतीय मुलींच्या राष्ट्रीय शिक्षणासाठी खर्चावे असे लिहिले. ती शाळा बागबाजारात आजही भरते. ती आता रामकृष्ण शारदा मिशन चालवते.