वायपरवाली मेरी

मशीन ड्रॉईंगच्या सबमिशनच्या आदल्या रात्री हिच्याबद्दल वाचत बसले आणि शीट अर्धवटच राहिली!

मेरी अँडरसन. जन्म १८६६, अमेरिकेतलं अलाबामा राज्य. ही काही इंजिनिअर नव्हती. बर्मिंगहॅम गावात तिने अपार्टमेंट्स बांधली, मध्ये काही वर्षं कॅलिफोर्नियात गुरं आणि द्राक्षमळा सांभाळला. एका हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेली असताना ट्रॅममध्ये बसली. बाहेर बर्फाचा पाऊस, समोरचं दिसावं म्हणून ड्रायव्हरने पुढची काच उघडलेली, आणि आत सगळे कुडकुडतायत. घरी येऊन तिने डिझाईन केलं: आतून फिरवायचा लिव्हर, बाहेर रबराची पट्टी लावलेला दांडा, पट्टी काचेला टेकून राहावी म्हणून स्प्रिंग आणि वजन. आजही तो दाब स्प्रिंगच देते. शिवाय पावसाळी दिवस संपले की तिचा वायपर काढून ठेवता यायचा. आपण मात्र ब्लेड अख्खा उन्हाळा उन्हात भाजतो, रबर कडक होतं आणि पहिल्या पावसात काचेवर पट्टे उमटले की ब्लेडलाच शिव्या घालतो.

१० नोव्हेंबर १९०३ ला १७ वर्षांचं पेटंट मिळालं. १९०५ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीला तिने ते विकायला दिलं, तर यात धंदा नाही म्हणून त्यांनी परत पाठवलं. १९२० ला पेटंट संपलं, आणि १९२२ मध्ये कॅडिलॅकने प्रत्येक गाडीला वायपर द्यायला सुरुवात केली! मेरीला एक पैसा नाही. ती १९५३ मध्ये, ८७ व्या वर्षी गेली. अमेरिकेच्या संशोधकांच्या हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं ते २०११ ला.