सुभेदार रामजी सकपाळांना मुलगा कसा घडवायचा होता?

७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. ते शिक्षण ज्यांनी हट्टाने घडवून आणले, ते वडील मात्र दोन-चार ओळींतच आटोपले जातात.

रामजी मालोजी सकपाळ मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. ते लष्करात होते आणि महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. तिथेच १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या चौदाव्या अपत्याचा, भीमरावांचा जन्म झाला. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. साताऱ्यात भीमाबाई गेल्या. चौदापैकी पाच मुले जगली होती. त्यांना सांभाळायला रामजींची बहीण मीराबाई घरात होती.

घरातली शाळा

रामजी कबीरपंथी. संध्याकाळी मुलांनी भजन-अभंगाला बसायचे, रामायण-महाभारत वाचायचे, हा घरचा नियम होता. त्यातून सुटका नव्हती.

एकदा भीमरावांनी वडिलांनाच विचारले, की ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे, ते आपण का वाचायचे? रामजींचे उत्तर विचार करण्यासारखे आहे. अस्पृश्य म्हणून जन्मल्यामुळे मुलाच्या मनात न्यूनगंड घर करील, अशी त्यांना धास्ती होती. द्रोण, कर्ण, वाल्मीकी हे साध्या स्थितीतून किती उंचीवर गेले, हे त्याने पाहावे, एवढ्यासाठी हा खटाटोप. शाळेत वेगळे बसावे लागणाऱ्या मुलाची मान ताठ कशी राहील, हा त्या बापापुढचा प्रश्न होता.

मुलाचे समाधान झाले नाही. महाभारतातली माणसे आपल्याला आवडत नाहीत, रामही नाही, असे त्याने सांगून टाकले. रामजी गप्प राहिले. इतक्या कडक शिस्तीच्या माणसाने ते ऐकून घेतले, हेही कमी नाही.

परळची एक खोली

मुंबईत आल्यावर सगळा संसार परळच्या चाळीतल्या एका खोलीत. गोंगाट एवढा, की अभ्यास रात्रीच शक्य. रामजी मुलाला लवकर झोपवत, स्वतः जागे राहत आणि दोन वाजता त्याला उठवून मग आडवे होत. पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले, की ते लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिचा दागिना गहाण पडे. पेन्शन आली की सोडवून परत.

भीमराव इंग्रजी चौथी पास झाले, तेव्हा समाजातील मंडळींना जाहीर सत्कार करायचा होता. रामजींनी साफ नकार दिला. मुलगा फक्त एक परीक्षा पास झाला आहे, सत्काराने त्याच्या डोक्यात हवा जाईल, असे त्यांचे म्हणणे. शेवटी त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी गळ घातली, तेव्हा ते राजी झाले. त्या सभेत केळुसकरांनी मुलाला आपले बुद्धचरित्र भेट दिले. त्याचे पुढे काय झाले, ते सर्वांना ठाऊक आहे.

शेवटची भेट

पदवीनंतर भीमराव बडोद्याला नोकरीसाठी निघाले. तिथे जातीवरून त्रास होईल, म्हणून रामजींचा विरोध होता. या एका बाबतीत मुलाने ऐकले नाही. काही दिवसांतच वडील आजारी असल्याची तार आली. परतताना सुरतेला त्यांच्यासाठी मिठाई घ्यायला भीमराव उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी ते घरी पोहोचले, तेव्हा रामजी अखेरच्या घटका मोजत होते. २ फेब्रुवारी १९१३ रोजी ते गेले.

त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दहा वर्षांनी, १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. तो त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला.