गुलबर्ग्याचे पहिले खासदार : स्वामी रामानंद तीर्थ



आपल्या शाळेत यंदा वर्गप्रतिनिधींची निवडणूक झाली. पेटी होती, चिठ्ठ्या होत्या, बोटाला शाई होती. मतमोजणी संपल्यावर नववीच्या एका विद्यार्थिनीने आम्हाला विचारले की गुलबर्ग्यातून लोकसभेवर सर्वांत आधी कोण निवडून गेले होते? शिक्षक-कक्षात चौकशी केली, पण उत्तर पटकन कोणालाच देता आले नाही. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, तेव्हा या थोर पुरुषाची ओळख आम्हालाही उशिराच झाली. त्याची थोडी भरपाई म्हणून हा लेख.

ते होते स्वामी रामानंद तीर्थ. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ रोजी सिंदगी येथे. सिंदगी आज विजापूर जिल्ह्यात आहे, आपल्यापासून फार दूर नाही. जन्म कन्नड मुलुखात आणि शिक्षण मराठीत, अशी त्यांची स्थिती आपल्या मुलांसारखीच होती. सोलापूरला शिकत असताना १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले आणि या मुलाने देशसेवेचे व्रत घेतले. असहकाराच्या दिवसांत सरकारी शाळा सोडली. पुढचे शिक्षण त्यांनी पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात पूर्ण केले. काही काळ कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले.

त्यानंतर ते शिक्षक झाले. १९२९ पासून उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आणि १९३५ पासून मोमीनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, त्यांनी मुले घडवली. हिप्परग्यास असतानाच त्यांनी संन्यासदीक्षा घेतली आणि व्यंकटेशाचे रामानंद तीर्थ झाले. भगवी वस्त्रे घातली, पण फळा-खडू सोडला नाही. आम्हा शिक्षकांना याचे विशेष वाटते.

परंतु बाहेर निजामाचे राज्य होते. मोकळेपणाने सभा घेता येत नव्हती, सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामीजींनी शाळेचा निरोप घेतला, सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. तेव्हा त्यांचे वय ३५ होते. चालती शाळा सोडून जाणे सोपे नसते. हाताखालच्या मुलांचे काय होईल हा विचार पाय ओढतो. पण ज्या राज्यात मुलाला मोठे होऊन मतच देता येणार नाही, तिथे नागरिकशास्त्र शिकवून काय उपयोग, असा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला असावा, असे आम्हाला वाटते.

१९४६ मध्ये बंदी उठली आणि लवकरच स्वामीजी संस्थेचे अध्यक्ष झाले. ७ ऑगस्ट १९४७ ला भारतात सामील व्हा ही चळवळ सुरू झाली. १५ ऑगस्टला सारा देश झेंडे लावत असताना हैदराबादेत त्यांना अटक झाली. मध्ये थोडे दिवस सुटका, मग जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा अटक. अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि त्याच दिवशी स्वामीजीही सुटले. आपण दरवर्षी शाळेत ध्वजारोहण करतो, तो हाच दिवस.

मग आली १९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. हैदराबाद राज्याच्या वाट्याला लोकसभेच्या २५ जागा होत्या. मतदाराचे वय तेव्हा २१ होते, ते १८ झाले १९८९ मध्ये. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेले. अक्षर न येणाऱ्या शेतकऱ्यानेही बैलजोडी ओळखली. बीदरहून शौकतुल्ला शाह अन्सारी निवडून आले आणि गुलबर्ग्याने स्वामी रामानंद तीर्थांना दिल्लीला पाठवले. कन्नड, उर्दू, तेलुगू, मराठी बोलणाऱ्या मतदारांनी एका मराठी शाळामास्तरला निवडून दिले होते.

आता खरी परीक्षा पुढे होती. हैदराबाद राज्य तसेच ठेवावे असे अनेक मोठ्या नेत्यांना वाटत होते. स्वामीजींचा आग्रह मात्र भाषावार विभागणीचा होता, कारण लोकांचा कारभार लोकांच्या भाषेत चालला पाहिजे. यात त्यांचा स्वतःचा मतदारसंघच दुसऱ्या राज्यात जाणार होता, तरी ते मागे हटले नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ ला विभागणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले. १९५७ मध्ये स्वामीजी औरंगाबादहून लोकसभेवर गेले आणि त्यानंतर हळूहळू निवडणुकीच्या राजकारणातून बाजूला झाले.

त्या रेषेच्या अलीकडे आपण राहिलो. सीमाभागातल्या मराठी घरांना याची खंत वाटते आणि ती खोटी नाही. मुलाला मराठी शाळेत घालावे की नाही, हा प्रश्न पालक आम्हाला दर जूनमध्ये विचारतात. आमचे उत्तर स्वामीजींच्या जीवनातूनच येते. त्यांनी मराठी सोडली नाही आणि कन्नड माणसाला परका मानले नाही. म्हणून आमचा आग्रह आहे की मुलांनी मराठीत शिकावे आणि कन्नडही उत्तम बोलावी, लिहावी.

पुढे या मतदारसंघाने अनेक रंग पाहिले. १९८० च्या पोटनिवडणुकीत केरळचे सी. एम. स्टीफन येथून जिंकले, १९८४ मध्ये वीरेंद्र पाटील. २००९ पासून ही जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. मल्लिकार्जुन खर्गे २००९ व २०१४ ला जिंकले आणि २०१९ ला हरले. मोठ्या माणसालाही मतदार घरी बसवू शकतो, यालाच लोकशाही म्हणतात.

स्वामीजींचे निधन २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत झाले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. आपल्या भागात मात्र त्यांची आठवण कमी निघते.

विद्यार्थी मित्रांनो, अठरा वर्षे पूर्ण झाली की यादीत नाव घाला. पालकांना विनंती की मतदानाच्या दिवशी मुलांना सोबत न्या आणि ही गोष्ट सांगा. तो हक्क आपल्याला मिळावा म्हणून एका मुख्याध्यापकाने आपली शाळा सोडली होती.